हिवाळ्यातले सोनेरी केस : मधाचा रंग कुणाला, गुळाचा कुणाला

एका ताईंनी विचारलं आहे. वय २९, राहणार कोल्हापूर, रंग गव्हाळ, केस काळेभोर, पाठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० इंच तरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरी मेंदी लावायच्या, आता बंद केली आहे. जानेवारीच्या शेवटी सख्ख्या भावाचं लग्न आहे आणि मनात 'हनी ब्लॉन्ड' आहे. मैत्रिणी मात्र सांगतात, सोनेरी करू नकोस, केस पितळेसारखे दिसतात, ॲश म्हणजे राखी कर. तर थंडीत कुठला सोनेरी रंग घ्यावा, आपल्या रंगाला शोभेल का आणि टिकेल का?

मी २२ वर्षं राजारामपुरीत पार्लर चालवते, आणि त्यातली निम्मी वर्षं मुख्यतः रंगाचंच काम करते आहे. उत्तर आधी देते. ताई, सोनेरीच घ्या. फक्त 'ब्लॉन्ड' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो फिकट रंग येतो, त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबा. मैत्रिणींनी पाहिलेले पितळी केस खरे आहेत, पण त्याचं कारण त्यांनी उलटं लावलं आहे.

काळ्या केसातला रंग काढायला लागलं की काय होतं, ते एकदा समजून घ्या. केसाची गडद-फिकटाई आम्ही १ ते १० अशी मोजतो. १ म्हणजे ठार काळा, १० म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये असतात. काळा-तपकिरी रंग देणारं रंगद्रव्य ब्लीचने आधी फुटतं, आणि लाल-पिवळी छटा चिवटपणे मागे राहते. म्हणून ब्लीच लावल्यावर केस आधी विटकरी होतात, ६ च्या आसपास गाजरासारखे केशरी, ७ ला हापूसच्या रसासारखे, ८ ला पिवळे, आणि १० ला पोचले तर केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे. प्रत्येक पायरीला केसातलं काहीतरी जातं. केसाला ताकद देणारे जे आतले बंध असतात, ते रंगाबरोबर तुटत जातात.

ॲश रंगात निळी, हिरवी, जांभळी झाक असते. ती स्वच्छ दिसायला खालची पट्टी ९ किंवा १० ची फिकट लागते. कोल्हापुरातच काय, कुठेही काळ्याभोर लांब केसांना एका बैठकीत ९ ला नेणं म्हणजे केसांची सुतळी करून घेणं. मग काय होतं? केस ७ ला, केशरी अवस्थेत थांबवतात आणि त्यावर ॲशचा टोनर, म्हणजे वरून छटा देणारा हलका रंग, मारतात. पार्लरमधून निघताना रंग सुरेख राखी दिसतो. टोनर केसात फार खोल बसत नाही, चार ते सहा आठवड्यांत धुपून जातो आणि खालचा कच्चा केशरी उघडा पडतो. तुमच्या मैत्रिणींनी जे पितळ पाहिलं ते हे. पितळी दिसणारे केस बहुतेक वेळा सोनेरी केलेले नसतात, ॲश करून टोनर उतरलेले असतात.

सोनेरीचं उलट आहे. केस ७ ला आंब्याच्या रसासारखे झाले की त्यावर सोनेरी-बेज टोनर बसवायचा, बेज म्हणजे वाळूसारखी फिकट तपकिरी छटा. खालचा रंग आणि वरचा रंग एकाच घरातले, त्यामुळे टोनर उतरला तरी केस भलतीकडे जात नाहीत, नुसते थोडे उजळ होतात. म्हणजे केसांना दोन पायऱ्या कमी त्रास आणि रंग जास्त दिवस. आपल्या केसांच्या पोटात सोनं आहेच, ते दाबायला पैसे आणि केस दोन्ही खर्च करायची मला तरी गरज वाटत नाही.

आता हिवाळ्याचं. हिवाळ्यात उबदार रंग घ्यावा ही परदेशी मासिकांची फॅशन म्हणून मी सांगत नाही. तिकडे थंडीत आभाळ करडं असतं, म्हणून त्यांना केसांत ऊब हवी असते. आपल्याकडे कारण वेगळं आहे, आपल्याकडे उजेडच सोनेरी होतो. डिसेंबरात भर दुपारीही कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येत नाही, आभाळात साधारण ५० अंशांवर असतो. दिवसभर तिरपं ऊन. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. तोच उजेड रंकाळ्यावर संध्याकाळी साडेपाचला तुमच्या केसांवर पडणार असतो. त्या उजेडात सोनेरी पट्टा आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि राखी रंग धूळ बसल्यासारखा. मे महिन्याच्या पांढऱ्या, डोक्यावरच्या उन्हात हा फरक एवढा जाणवत नाही.

दुसरं कारण कातडीचं. थंडीत हवा कोरडी होते आणि गव्हाळ किंवा सावळा चेहरा ओढल्यासारखा, थोडा करडा दिसायला लागतो. चेहऱ्याशेजारी करडे केस आले की तो करडेपणा दुप्पट होतो. चेहऱ्याच्या बाजूने दोन मधाळ बटा आल्या तर तेच गाल तजेलदार दिसतात. सावळ्या रंगाला सोनेरी शोभत नाही, हे वाक्य मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलं आणि दर वेळी खुर्चीवर खोटं ठरलेलं पाहिलं. सावळ्या रंगाला न शोभणारी गोष्ट एकच, चुकीची पायरी.

म्हणून शेडकार्ड दाखवायच्या आधी मी ग्राहकाला गुळाबद्दल विचारते. आपल्याकडे हाच गुऱ्हाळांचा हंगाम, आणि कोल्हापुरी गुळाचे रंग घरोघरी डोळ्यांत बसलेले असतात. काकवी डोळ्यांसमोर आणा. गडद, पण उन्हाकडे धरली तर आतून तांबूस-सोनेरी. ही ५ ते ६ ची पायरी. सावळ्या रंगाला आणि ज्यांना 'कळलं पाहिजे पण ओरडायला नको' त्यांना हिच्याइतकं देखणं काही नाही. मग येतो तांबूस तपकिरी गूळ. तो ६ ते ७, सोनेरीत थोडा तांब्याचा अंश, ज्याला सगळीकडे कॅरमल म्हणतात. त्याच्या वर सोनेरी गूळ, ताज्या मधाचा रंग, ७ आणि साडेसात. तुमचं 'हनी' हे इथे येतं. आणि मग तो पिवळाधमक गूळ, ८ च्या वर. मार्केट यार्डात तो उठून दिसतो, पण तसा पिवळा दिसावा म्हणून रस उकळताना हायड्रॉस नावाचं रसायन घालतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. केसांचंही तसंच आहे. ८ च्या वरचा पिवळा हवा असेल तर तेवढं रसायन घालावं लागतं.

तुम्हाला मी सोनेरी गूळ सांगेन. मुख्य पट्टे ७ चे, चेहऱ्याजवळच्या दोन बटा फार तर साडेसातच्या, आणि मुळं तुमची स्वतःची काळी-तपकिरी. पार्लरमध्ये हे नुसतं 'हनी' म्हणून मागू नका, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांसमोरचं हनी वेगळं असतं. आकडा विचारा. ट्यूबवरचा पहिला आकडा पायरीचा, नंतरचा छटेचा. लॉरिअलमध्ये ७.३ म्हणजे सातवी पायरी, सोनेरी छटा, आणि .४ म्हणजे तांबा. वेलामध्येही ३ सोनेरीच आहे, पण ४ म्हणजे लाल. श्वार्झकोफच्या इगोरामध्ये सोनेरी ५ आहे आणि तांबा ७. त्यामुळे मैत्रिणीने सांगितलेला आकडा दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबवर लावलात तर भलताच रंग येईल.

एक गैरसमज इथेच काढते. दुकानातल्या डब्यावर सोनेरी बाई असते, बाजूला ७.३ लिहिलेलं असतं, ते आणून काळ्या केसांना लावलं तर फक्त उन्हात थोडी तपकिरी झाक दिसते. ट्यूबमधल्या रंगासोबत ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) असेल तर केस एक-दोन पायऱ्याच उघडतात. आणि आधी रंगवलेल्या केसाला तर दुसऱ्या रंगाने उजळता येतच नाही, कितीही वेळ ठेवा. काळ्याचं सोनेरी करायला ब्लीचच लागतं.

तुमचा रंग गव्हाळ आहे म्हणालात, पण गव्हाळातही दोन तऱ्हा आहेत. काहींच्या कातडीखाली पिवळी झाक असते, काहींच्या गुलाबी किंवा किंचित हिरवट. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या हे बघायला सगळीकडे सांगतात. आपल्या रंगात मला ती परीक्षा फसवी वाटते, सावळ्या मनगटावर शिरा नीट दिसतही नाहीत. मी दागिन्यांवर जाते. सकाळच्या उजेडात, तोंड धुऊन, काही न लावता, एकदा आईची ठुशी गळ्याला लावून आरशात बघा आणि एकदा चांदीची साखळी. सोन्याने चेहरा उजळला तर सोनेरी-तांबूस छटा घ्या. चांदीने उजळला तरी सोनेरी सोडायचं कारण नाही, फक्त तांबा टाळा आणि सोनेरीत थोडी बेज छटा मिसळायला सांगा, म्हणजे रंग मधाचाच राहील पण नारिंगीकडे झुकणार नाही. किंचित हिरवट झाक असेल तर मात्र नुसता पिवळा सोनेरी घेऊ नका, चेहरा आजारी दिसतो. तिथे तांब्याचा अंश हवाच.

लग्नाचा विचार करून आणखी एक. भावाच्या लग्नात तुम्ही साज, ठुशी, नथ घालणार. केस दागिन्यांपेक्षा एक पायरी तपकिरी असले की सोनं उठून दिसतं. केस सोन्याइतकेच पिवळे झाले तर दोन्ही एकमेकांना खातात. माझ्या डोळ्यांना तरी ८ चे केस आणि पिवळंजर्द सोनं एकत्र कधीच बरं दिसलेलं नाही.

आता मेंदी. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एक शिक्षिका आल्या. मी विचारलं, "रंग लावता का?" त्या म्हणाल्या, "नाही ओ, रंग कधीच लावलो नाही." मी ब्लीच लावलं, फॉइल बंद केली आणि पाच मिनिटांत फॉइल हाताला चटका बसेल इतकी तापली. लगेच काढली, धुतली. बट ओली असताना रबरासारखी ताणली गेली आणि हातात आली. नंतर कळलं, त्या दर महिन्याला काळी मेंदी लावायच्या. त्यांच्या लेखी मेंदी म्हणजे रंग नव्हेच, ती आपली मेंदी. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, मी प्रश्न चुकीचा विचारला होता. त्यांचे केस खांद्यापर्यंत कापावे लागले. तेव्हापासून मी विचारते, "गेल्या चार वर्षांत डोक्याला काय काय लावलं?" आणि मेंदीचं, आवळा पावडरचं, काळ्या शाम्पूच्या पाऊचचं, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारते.

शुद्ध मेंदीतलं लॉसोन केसातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. ब्लीचने केसाचा स्वतःचा रंग निघतो, मेंदीचा हट्टी केशरी मागे राहतो. हे धोक्याचं नाही, फक्त त्या भागात केशरी जास्त येणार हे धरून चालायचं. काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यात मात्र पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, आणि काहींत धातूंचे क्षार. धातू आणि पेरॉक्साइड एकत्र आले की उष्णता तयार होते. त्या बटेत मी तेच पाहिलं.

तुमचा हिशोब मांडू. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. दोन वर्षं मेंदी बंद म्हणजे मुळाकडचे १२ इंच स्वच्छ. केस २० इंच आहेत, तर खालचे ८ इंच अजून मेंदीचेच आहेत, दिसत नसले तरी. आणि सोनेरी पट्टे दिसायचे ते नेमके खालच्याच भागात. म्हणून दोनपैकी एक करा. खालचे चार-पाच इंच कापून टाका, किंवा खालचा भाग वरच्यापेक्षा एक पायरी गडद आणि तांबूस ठेवायला तयार राहा. तांबूस गुळापासून सोनेरी गुळापर्यंत जाणारा रंग वाईट दिसत नाही, उलट मुद्दाम केल्यासारखा दिसतो. पण तिथे मधाचा स्वच्छ रंग यावा म्हणून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ब्लीच लावायला कुणी सुचवलं तर नको म्हणा.

पार्लरला जाण्याआधी आठवडाभर कंगव्यात येणारे केस जमवून कागदात गुंडाळून न्या. विशेषतः लांब, टोकापर्यंतचे. त्यांच्याकडून वाटीत डेव्हलपर आणि अमोनियाचे थेंब घालून त्यात ते केस अर्धा तास बुडवून घ्या. बुडबुडे आले, वाटी गरम झाली किंवा केसांचा रंग झटक्यात बदलला तर ब्लीच नाही, विषय संपला. काही झालं नाही तर मानेजवळची एक बट प्रत्यक्ष ब्लीचने उजळून बघायची. ती बट कुठल्या पायरीला थांबते आणि ओली असताना ताणली तर परत आखडते का, यावरून तुमचा खरा रंग ठरतो, फोटोवरून नाही. आणि टोनर किंवा रंग लागण्याच्या ४८ तास आधी कानामागे त्याचा थेंब लावून बघा. आजवर कधी काही झालं नाही, हे कारण पुरेसं नसतं. पीपीडीची ॲलर्जी आधी अनेकदा रंग लावलेल्या माणसालाही अचानक होते.

गेल्या वर्षभरात केराटिन, स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग केलं असेल तर तेही सांगा. प्रश्नात तुम्ही लिहिलेलं नाही, पण हल्ली चारातल्या दोघी लिहीत नाहीत. रिबॉन्डिंग झालेल्या केसांवर मी ब्लीच लावत नाही.

पूर्ण डोकं सोनेरी करू नका. लांब काळ्या केसांना ग्लोबल ब्लॉन्ड केलं की महिन्यात अर्धा इंच काळी रेघ भांगात दिसते, आणि ती झाकायला पुन्हा ब्लीच. तुम्हाला बालायाज किंवा बारीक हायलाइट्स योग्य. मुळाशी काळं ठेवून खाली हलक्या हाताने उजळत जायचं. चार-पाच महिने वाढले तरी खटकत नाही. फक्त लग्नात अंबाडा घालणार असाल तर हे आधीच सांगा. केस मोकळे असताना वरचे पट्टे दिसतात, अंबाडा घातला की मानेजवळचे आणि कानामागचे केस वर येतात आणि वरचे आत जातात. मानेजवळ चार-सहा पट्टे टाकलेले असतील तर अंबाड्यात काळ्या-सोनेरीची गुंफण दिसते, अबोलीचा गजरा त्यावर फार छान बसतो. ते पट्टे टाकले नाहीत तर हजारो रुपये खर्चून अंबाडा काळाच.

थंडीचा त्रास ब्लीचलाही होतो, हे फार कमी ठिकाणी लक्षात घेतात. जानेवारीत सकाळी पार्लरची खोली गार असते आणि गारव्यात ब्लीच हळू चालतं. शिवाय कोरड्या हवेत उघडं राहिलेलं ब्लीच वाळतं, आणि वाळलं की त्याचं काम थांबतं. मग घाईने ३० किंवा ४० व्हॉल्यूम घेतलं जातं. तसं करू देऊ नका. २० व्हॉल्यूम, बट फॉइलमध्ये किंवा प्लास्टिकखाली झाकलेली, खोली उबदार आणि डोळा घड्याळापेक्षा केसांवर. सकाळी नऊची वेळ घेण्यापेक्षा अकराची घ्या. तेव्हा खोलीही तापलेली असते आणि बटेचा रंग बघायला बाहेरचा उजेडही मिळतो. रंग शेवटी ठरवताना दाराबाहेर जाऊन बघाच. पांढऱ्या एलईडीखाली सोनेरी मळकट दिसतो आणि मंगल कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत तोच एक पायरी केशरी दिसतो. त्यामुळे लग्नासाठी करताना बेज थोडा जास्त ठेवलेला बरा. ब्लीचच्या आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, टाळूचं स्वतःचं तेल आग होण्यापासून वाचवतं.

टिकण्याचा प्रश्न उरतो. हिवाळ्यात रंग सगळ्यात जास्त जातो तो गिझरच्या पाण्याने. आपण अंघोळीला घेतो तसलं कढत पाणी ब्लीच केलेल्या केसांवर ओतलं की दोन आठवड्यांत टोनर गेला म्हणून समजा. केस कोमट पाण्यानेच धुवायचे, आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने. घरात बोअरचं पाणी असेल तर केसांसाठी नळाचं बादलीभर वेगळं भरून ठेवा. जड पाण्यातले क्षार उघड्या केसांवर बसतात आणि मधाचा रंग मळतो.

जांभळा शाम्पू मात्र आणू नका. ब्लॉन्ड केलं की तो घ्यायचाच, असं सगळे सांगतात. जांभळा पिवळ्याला मारतो, आणि तुम्ही पैसे देऊन आणलेलं सोनं पिवळंच आहे. फिकट ब्लॉन्डवाल्यांसाठी तो ठीक आहे. तुमचे पट्टे दीड महिन्यात फार केशरी वाटायला लागले तर निळ्या शाम्पूने एकदा धुवा, नाहीतर सरळ टोनर पुन्हा लावून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं.

तेल लावायचं का? लावायचं. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, केसांच्या लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी वाहून जातात. थंडीत गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पण हिरवं माक्याचं, ब्राह्मीचं, रंग घातलेलं कुठलंही तेल सोनेरी पट्ट्यांना लावू नका. ब्लीच केलेला केस स्पंजसारखा असतो, हिरवट झाक धरतो आणि ती घालवायला नंतर मलाच झगडावं लागतं.

आणि हळद! तुळशीच्या लग्नानंतर माझ्याकडे दर वर्षी एक-दोघी येतात, पट्टे भडक पिवळे होऊन. भावाच्या हळदीला करवली म्हणून तुम्हाला माखणार, यात शंका नाही. हळदीच्या आधी केसांना भरपूर कंडिशनर किंवा सिरम लावा, घट्ट वेणी घाला, वेणी आत वळवून वर प्लास्टिकची टोपी आणि तिच्यावर ओढणी. पौष पौर्णिमेच्या आसपास कुठल्या देवाला जाणार असाल आणि तिथे भंडारा उधळत असतील, किंवा मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला, तर तिथेही डोकं झाका. तरी हळद लागलीच तर घाबरू नका. साडीवरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो ना, तसंच. केस सौम्य शाम्पूने धुऊन दोन-तीन दिवस गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात वाळवा, बराचसा जातो. ब्लीचने काढायला जाऊ नका.

वेळेचं गणित असं धरा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केसांची चाचणी आणि पहिली बैठक, तेव्हा ६ पर्यंत गेलात तरी चालेल. काकवीच्या रंगावर तीन-चार आठवडे घरच्यांची आणि आरशाची सवय होऊ द्या. या काळात केस कसे वागतात तेही कळतं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी बैठक, तेव्हा ७. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी फक्त टोनर आणि टोकांची छाटणी. लग्नाच्या दोन दिवस आधी काहीही नवीन करू नका, कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी. आणि पहिल्या बैठकीनंतर काकवीचाच रंग आवडला तर तिथेच थांबायला लाजू नका. माझ्याकडे 'मी परत येतो' म्हणून गेलेल्या किती जणी त्याच रंगावर खूश राहिल्या आहेत.

पैसे विचारताना टोनर, बॉन्ड, म्हणजे केसातले बंध, जपणारी ट्रीटमेंट आणि शेवटचा ब्लो-ड्राय त्यात धरला आहे का, हे स्पष्ट विचारा. बॉन्डची ट्रीटमेंट खर्चिक वाटली तरी ब्लीचच्या दिवशी ती सोडू नका, वाटल्यास ब्लो-ड्राय सोडा. आणि जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. कंगव्यातल्या केसांची पुडी, लग्नात नेसायच्या साडीचा पदर किंवा ब्लाउजपीस, आणि ती ठुशी. ब्लाउजपीस खांद्यावर आणि ठुशी गळ्याला लावून, दाराबाहेरच्या उजेडात उभं राहून शेड ठरवा.